शुगर बॉर्डरवर असताना कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायची की नाही?

प्रश्न साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ५१ वर्षांच्या बाईंचा आहे. आईला वीस वर्षं मधुमेह. थोरल्या भावाची ४९व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. बाईंचे स्वतःचे रिपोर्ट असे: उपाशीपोटी साखर १०९, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१, एकूण कोलेस्टेरॉल २२०, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४२, एचडीएल म्हणजे चांगलं ४१, ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी १८६, बीपी १३६/८६, कंबर ३६ इंच. दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती, नंतर उतरली. डॉक्टरांनी अटोरवास्टॅटिन १०, म्हणजे 'स्टॅटिन' गटातली कोलेस्टेरॉल उतरवणारी १० मिलिग्रॅमची गोळी, लिहून दिली, पण चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. कारण ग्रुपवर मेसेज आला, "स्टॅटिन घेणाऱ्या बायकांना मधुमेह होण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी जास्त." त्या लिहितात, "आईसारखं रोज सुई टोचून घेणं मी स्वतःच्या हातानं ओढवून घेऊ का?"

ताई, आधी मेसेजबद्दल. तो आकडा बनावट नाही. अमेरिकेतल्या पाळी गेलेल्या दीड लाखांहून जास्त बायकांच्या नोंदींवरून २०१२ साली तो निघाला होता. पण त्या अभ्यासात कोणाला गोळी द्यायची आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. ज्या बायकांना त्यांच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती त्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. आता डॉक्टर गोळी देतो कोणाला? जिचं वजन जास्त, बीपी जास्त, घरात हृदयरोग आहे, तिला. म्हणजे जिला मधुमेह होण्याची शक्यता मुळातच जास्त आहे, तिलाच. संशोधक आकडेमोड करून हा फरक धुऊन काढायचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण धुतला जात नाही. छत्री घेऊन निघालेल्या लोकांवर पाऊस जास्त पडतो, पण म्हणून पाऊस छत्रीनं आणलेला नसतो.

खरं उत्तर हवं तर अर्ध्यांना गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिलेल्या चाचण्यांकडे जावं लागतं. अशा १३ चाचण्यांमधल्या ९१ हजार लोकांचा हिशेब २०१० साली झाला. त्यात मधुमेहाचं प्रमाण ९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एक जादा मधुमेही, असं ते गणित. २०२४ साली ऑक्सफर्डमधून चालणाऱ्या मोठ्या संशोधक-गटानं १९ चाचण्या आणि सव्वा लाखाच्या आसपास माणसं घेऊन हेच पुन्हा तपासलं. कमी आणि मध्यम ताकदीच्या डोसला वाढ १० टक्के निघाली, म्हणजे वर्षाला शंभरात १.२ ऐवजी १.३ माणसं. जोरदार डोसला मात्र वाढ ३६ टक्के. तुम्हाला लिहून दिलेली अटोरवास्टॅटिन १० मध्यम गटात येते.

तेव्हा गोळीनं साखर वाढते हे खरं आहे. "काही होत नाही हो, घ्या बिनधास्त," असं जे डॉक्टर म्हणतात ते गडबडीत असतात, एवढंच म्हणेन. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१२ सालीच या गोळ्यांच्या माहितीपत्रकात साखरेचा इशारा घालायला लावला.

मात्र साखर वाढते किती, हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही. त्याच २०२४च्या अभ्यासात मध्यम डोसनं एचबीए१सी सरासरी ०.०६ नं वाढलं. उपाशीपोटीच्या साखरेत एक मिलिग्रॅमसुद्धा फरक नाही. तुमचंच रक्त एकाच सकाळी साताऱ्यातल्या दोन लॅबना दिलं, तर त्यांच्या रिपोर्टमध्ये याहून जास्त तफावत सहज येईल.

मग एवढ्याशा वाढीनं लोक मधुमेही कसे होतात? कारण एचबीए१सीची ६.५ ही रेघ आपण आखलेली आहे. ६.४६ वाल्या माणसाला आपण 'बॉर्डर' म्हणतो आणि ६.५२ वाल्याला 'डायबेटिक'. गाडी उंबऱ्याशी उभी असेल तर बोटाच्या धक्क्यानंही आत जाते. अंगणाच्या टोकाला उभी असेल तर त्याच धक्क्यानं काही होत नाही. त्या अभ्यासातल्या नव्या मधुमेहींपैकी ६२ टक्के लोक सुरुवातीला साखर सगळ्यात वरच्या चौथाईत असलेलेच होते. ५.३ एचबीए१सी असलेल्या धडधाकट माणसाला गोळीनं मधुमेह झाला, असं मी जवळपास तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलेलं आठवत नाही.

असं का होतं, याची थोडी कल्पना देतो. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं. मग यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि एलडीएल उतरतं. त्याच एन्झाइमचं काम ज्यांच्यात जन्मतःच थोडं कमी चालतं अशा लोकांचे जनुकीय अभ्यास झाले आहेत. त्यांचं वजन किंचित जास्त आणि मधुमेहाची शक्यताही किंचित जास्त दिसते. म्हणजे हा परिणाम एखाद्या कंपनीच्या गोळीतल्या भेसळीचा नाही, औषधाच्या मुख्य कामालाच तो चिकटलेला आहे. गंमत अशी, की ज्या घराण्यांत एलडीएल जन्मतः भयंकर वाढलेलं असतं, त्या लोकांत मधुमेह उलट कमी सापडतो. निसर्गानं इथं देणं-घेणं ठेवलंय खरं.

आता जमाखर्च मांडू. हे आकडे तुमचे नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा तुमच्यासारख्या शंभर बायका आहेत आणि दहा वर्षांत त्यातल्या आठ जणींना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होणार आहे. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅम उतरलं की हा धोका साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतो, हे गेल्या तीन दशकांच्या चाचण्यांतून पक्कं झालेलं आहे. १० मिलिग्रॅमनं तुमचं १४२ हे नव्वदच्या आसपास यावं. म्हणजे आठाच्या जागी सहा. दोघी वाचल्या. दुसरीकडे, ६.१ वर उभ्या असलेल्या शंभर जणींपैकी गोळीशिवायही समजा चाळीस जणी दहा वर्षांत मधुमेही होणार होत्या. गोळीनं त्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस होतील.

दोन वाचल्या आणि चार अडकल्या. नुसती डोकी मोजली तर गोळी तोट्यातच दिसते. ज्याला हृदयरोग झालेला आहे त्याच्याबाबत फायद्याचं पारडं इतकं खाली जातं की चर्चाच उरत नाही. पण अजून काही न झालेल्या, साखर काठावर असलेल्या माणसाचा हिशेब अटीतटीचा असतो, आणि डॉक्टरांनी तो पेशंटसमोर उघडा मांडायला हवा असं माझं मत आहे.

मग त्या दोन आणि चार म्हणजे काय, ते बघा. हार्ट अटॅकमध्ये मेलेला हृदयाचा स्नायू परत येत नाही. पक्षाघातात गेलेला हात कधी येतो, कधी येत नाही. उलट त्या जादा चार जणी म्हणजे ६.४५ वरून ६.५१ वर गेलेल्या बायका. त्यांतल्या बहुतेकींना हा शिक्का गोळीशिवायही थोड्या उशिरानं बसलाच असता. ज्युपिटर नावाच्या २००८ सालच्या चाचणीत जवळपास १८ हजार लोकांना रोसुवास्टॅटिन २० (जोरदार डोसचं स्टॅटिन) किंवा खोटी गोळी दिली होती. ज्यांना मधुमेह झाला, त्यांच्यात गोळीवाल्यांचं निदान सरासरी साडेपाच आठवडे आधी झालं. आठवडे, वर्षं नव्हे. त्याच चाचणीत मधुमेहाचा धोका आधीपासून असलेल्या लोकांचा वेगळा हिशेब केला, तर ५४ नवे मधुमेही आणि त्यासमोर १३४ हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना किंवा मृत्यू टळलेले निघाले.

आणि तुमच्या आईंची सुई. ती सुई ६.५ मुळे लागत नाही. वीस वर्षं साखर आठ-नऊ-दहावर राहून स्वादुपिंड थकतं, तेव्हा लागते. त्या वाटेवर ०.०६ कुठेच येत नाही. शिवाय एक विरोधाभास माझ्या पेशंटना नेहमी चक्रावतो. उद्या तुम्हाला मधुमेह झालाच, तर चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे एलडीएल कितीही असलं तरी जवळजवळ प्रत्येक डॉक्टर तुम्हाला हीच गोळी लिहून देईल. कारण मधुमेही माणसाचा घात बहुतेक वेळा हृदयच करतं, आणि मधुमेहींमध्ये स्टॅटिनचा फायदा इतरांइतकाच पक्का आहे.

आता तुमचे रिपोर्ट. कंबर ३६ इंच, आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. ट्रायग्लिसराइड्स १५०च्या वर. एचडीएल ५०च्या खाली. बीपी १३०/८५च्या वर. उपाशीपोटी साखर १००च्या वर. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयरोगाकडे नेणाऱ्या खुणांचा गठ्ठा, म्हणायला पाचांपैकी तीन खुणा पुरतात, तुमच्या पाचही भरल्या. त्यात भाऊ. सख्ख्या भावाला ५५च्या आत हृदयरोग झाला की आम्ही ते घराण्यातलं लवकरचं दुखणं धरतो. बाळंतपणातली साखर बायका विसरतात, डॉक्टर विचारत नाहीत. पण ती पुढच्या मधुमेहाची जशी सूचना असते तशीच हृदयाचीही.

इंटरनेटवरच्या रिस्क कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरलेत तर कदाचित अगदी कमी धोका दाखवेल. ५१ वर्षांची, तंबाखू-सिगारेट नाही, मधुमेह नाही, म्हटल्यावर ते यंत्र निवांत होतं. अमेरिकी गणक भावाबद्दल विचारतही नाही. ब्रिटिश गणक भारतीय वंश आणि घराणं दोन्ही मोजतं, म्हणून मला ते आपल्यासाठी जरा बरं वाटतं. आपल्याकडे हृदयरोग लवकर येतो, हे हृदयरोग्यांच्या कुठल्याही अतिदक्षता विभागात (सीसीयूत) एक चक्कर मारली तरी कळतं.

तर तुम्ही माझ्यासमोर बसला असतात तर मी "घ्या" म्हटलं असतं. पण त्याच दिवशी नाही. तुमच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही आणि आधी काही गोष्टी बघायच्या राहिल्यात.

पहिली, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा). तुमच्या वयाला पाळी जाता-जाता अंगावर जास्त जातं, लोह उतरतं, आणि लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वर दिसतं. ६.१ मधला थोडा भाग रक्तक्षयाचाही असू शकतो. माझ्याकडे 'बॉर्डर'चा शिक्का घेऊन आलेल्या काही बायका लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत ५.७ वर आलेल्या आहेत. दुसरी, थायरॉइड. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर एलडीएल त्यानंच चढलेलं असू शकतं. अशा माणसाला थायरॉइडची गोळी न देता स्टॅटिन दिलं तर अंगदुखीही जास्त होते. तिसरी, लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच, घराण्यातून येणारा कोलेस्टेरॉलचा एक कण. ही रक्ततपासणी आयुष्यात एकदाच करायची, कारण तो आकडा जन्मजात असतो. ४९व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेल्या भावाची बहीण असताना ती न करणं म्हणजे घरातला दस्तऐवज न वाचता सही करणं. ५० मिलिग्रॅमच्या वर निघाला तर मी गोळीचा आग्रहच धरेन. यकृताची साधी तपासणी सोबत होऊन जाईल. सांधेदुखीसाठी अधूनमधून स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा कुठली 'जडीबुटी' चालू असेल तर तेही सांगा. बॉर्डरवरची साखर तिथूनही आलेली असते.

एवढं करूनही मन तयार होत नसेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन करता येतो. काही मिनिटांचा असतो, इंजेक्शन लागत नाही. आकडा शून्य आला तर काही वर्षं थांबायला माझी हरकत नाही. पन्नाशीतल्या बाईला कॅल्शियम दिसलं, थोडं जरी, तर मग मेसेज डिलीट करा आणि चिठ्ठी पर्समधून काढा. हा स्कॅन सगळ्यांनी करत सुटावं असं मात्र नाही. उत्तर काहीही आलं तरी ज्याचा निर्णय बदलणार नाही, त्यानं पैसे घालवू नयेत.

कोणाला मी "नको" म्हणतो, तेही सांगतो. पस्तिशीतला आयटीवाला, एलडीएल १२६, घरात हृदयरोग नाही, सिगारेट नाही, पोट मात्र सुटलेलं आणि एचबीए१सी ६.२. त्याच्या हृदयाच्या खात्यात आत्ता वाचवण्यासारखं फार नाही, साखरेच्या खात्यात मात्र देणं आहे. त्याला सहा महिने वजनामागे लावतो. आणि ज्याचं एलडीएल १९०च्या वर आहे, त्याला साखर काय म्हणते हे मी विचारतसुद्धा नाही. गोळी चालू.

डोसबद्दल. जोरदार डोसला साखरेचा खर्च जास्त आहे हे वर आलंच. आणि डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरतं. म्हणून १० मिलिग्रॅमनं काम भागलं नाही तर काठावरच्या पेशंटला मी ४०कडे पळवत नाही, सोबत एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतो. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, एलडीएल आणखी पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरवते आणि साखरेच्या वाटेला जात नाही. पिटावास्टॅटिन ही स्टॅटिनचीच आणखी एक गोळी साखरेला 'सेफ' म्हणून विकली जाते. जपानमधल्या अनुभवात ती सौम्य दिसली हे खरं, पण २०२३ साली एचआयव्ही असलेल्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत तिच्या गटातही मधुमेह ५.३ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात ४ टक्के निघाला. तेव्हा जादू नाही. तुमच्या १८६ ट्रायग्लिसराइड्ससाठी कोणी फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड्स उतरवणारं औषध) मिसळलेली गोळी लिहून दिली तर थांबून विचारा, तेवढ्यासाठी ती लागत नाही. अ‍ॅस्पिरिन घातलेली 'हृदयाची' कॅप्सूलही नको. तुमच्या घरात भाऊ पेशंट आहे, तुम्ही नाही.

भावावरून आठवलं. हा मेसेज त्यांना पाठवला असेल तर आजच फोन करा. स्टेंट बसवलेल्या माणसानं साखरेच्या भीतीनं स्टॅटिन बंद करणं ही वेगळीच गोष्ट आहे. माझा एक पेशंट, ऊस बागायतदार, असाच एक व्हिडिओ बघून गोळी सोडून बसला. मला सांगितलं नाही, कारण बरं वाटत होतं. आठ महिन्यांनी पहाटे छातीत दुखतंय म्हणून आणला, तेव्हा दुसरी रक्तवाहिनी बंद झालेली होती. वाचला. पण आता दोन जिने चढताना थांबतो. गोळी सोडल्यामुळेच झालं, असं एका माणसाबाबत कोणी शपथेवर सांगू शकत नाही, मीही नाही. पण झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हिशेबात दोन-चार डोक्यांची घासाघीस नसते.

साखरेचं काम मात्र गोळीवर सोडायचं नाही, ते वेगळं करायचं. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या चाचणीत थोडं वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं यांनी मधुमेह ५८ टक्क्यांनी टळला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं आपल्याच लोकांवर केलेल्या २००६ सालच्या अभ्यासात हाच आकडा २८.५ टक्के आला. आपल्याला फळ कमी मिळतं, मान्य. तरी गोळीनं वाढणाऱ्या दहा टक्क्यांसमोर ते दुपटीहून जास्त आहे. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदानाला दोन फेऱ्या मारल्या तरी चालेल. ताटात भाताची मूद अर्धी करा, त्या जागी उसळ. आणि एक विनंती, गुरुवारच्या उपासाला साबुदाणा खिचडी आणि वर बटाट्याचा कीस असं चालू असेल तर ते उपासाचं नाव घेऊन केलेलं साखरेचं जेवण आहे. भगर, ताक, मूठभर शेंगदाणे यांवरही देव रागावत नाही.

हे वेगळं सांगायचं कारण असं, की गोळी सुरू झाली की माणूस सैल पडतो. "कोलेस्टेरॉलची चालू आहे ना, वाढा अजून एक पुरणपोळी." अमेरिकेत गोळीवाल्या लोकांचं खाणं दहा वर्षांत वाढत गेल्याचं नोंदींतून दिसलेलं आहे. साखर वाढल्याचं खापर गोळीवर फुटतं, त्यातला काही वाटा त्या पोळीचा असतो.

सुरू केलीत तर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड पुन्हा बघा, एचबीए१सी तीन-चार महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा किंवा दोनदा, शक्यतो एकाच लॅबमध्ये. ६.१ चं ६.२ झालं म्हणून गोळी सोडू नका. ६.५ आलं तरी आधी मला, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना, दाखवा. अशा वेळी मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीचा विचार होऊ शकतो, बाळंतपणात साखर वाढलेल्या बायकांना तिचा उपयोग चांगला दिसलाय. अंग दुखलं तर मनाशी नोंद करा की दुखणं दोन्ही मांड्यांत आहे की नेहमीच्या डाव्या गुडघ्यात. मूत्र चहासारखं गडद झालं तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

आणि हो, तुम्ही शेवटी विचारलंय की गोळी रात्रीच घ्यावी लागते का. जुन्या स्टॅटिनना रात्र लागायची. अटोरवास्टॅटिन कधीही घेतली तरी चालते. सकाळच्या चहाच्या डब्याजवळ ठेवा, विसरायला होत नाही. पपनस खूप आवडत असेल तर तेवढं कमी खा, त्यानं ही गोळी रक्तात जास्त चढू शकते. मोसंबीला हरकत नाही.